वाटणीत आलेला माणूस

माझ्या नवऱ्याला मी वर्षभराहून जास्त काळ 'भैया' म्हणत होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग थांबतात, आणि मग माझ्याकडे जरा निरखून बघतात. ती नजर मला चांगली ओळखता येते, कारण त्या काळात मी स्वतः सगळ्या जगाकडे तशीच बघत होते.

आम्ही मूळचे पुलगावकडचे. बाबा रेल्वेत होते. बदली होऊन रायपूरला आले आणि तात्यापाऱ्यात भाड्याच्या घरात राहिले ते राहिलेच. माझं लग्न भोपाळला झालं. हे तिथल्या एका सरकारी ऑफिसात बाबू होते. सासूसासरे आधीच गेलेले, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं क्वार्टर आणि मागे जांभळाचं झाड. मला लहानपणापासून नाक फार. दूध नासायच्या आधी मला कळायचं. बाबा ड्युटीवरून आले की आज ते यार्डात होते की ऑफिसात, हे मी शर्टावरून सांगायची. यांना लवंग चघळायची सवय होती. ती लवंग, स्टॅम्पपॅडची शाई आणि मानेपाशी एक वास होता, त्याला नाव देता येत नाही. संध्याकाळी दार उघडलं की आधी तो वास आत यायचा आणि माझा दिवसभर आवळलेला जीव सैल व्हायचा. नवऱ्यावर प्रेम आहे का, असं आमच्यात कुणी कुणाला विचारत नाही. विचारलं असतं तर मी त्या वासाचंच नाव घेतलं असतं.

मग राज्याचे दोन भाग होऊन रायपूरकडे नवं राज्य झालं. भोपाळच्या ऑफिसांत एकच बोलणं, कोण इकडे राहणार आणि कोण तिकडे जाणार. फाइलींचे गठ्ठे बांधले जात होते, खुर्च्या-कपाटांवर खडूने खुणा होत होत्या. निम्मे लोक रायपूर नको म्हणून ओळखी शोधत होते. यांनी मात्र स्वतःहून रायपूर मागितलं. "तुझे आईबाबा आहेत तिथे," म्हणाले. पण हुकूम काही निघेना. इकडे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून मी एकटी पुढे आले.

रायपूर तेव्हा एकदम राजधानी झालं होतं आणि कुणालाच त्याची सवय नव्हती. जुन्या इमारतींना घाईघाईने डिस्टेंपर मारून तिथे मोठमोठी ऑफिसं बसवली होती. पाट्यांचा रंग ओला असायचा. गोल बाजारात लाल दिव्याची गाडी हातठेल्याच्या मागे अडकून हॉर्न वाजवत बसायची आणि ठेलेवाला वळूनही बघायचा नाही. आणि घराघरांत एकच कुजबुज: भोपालवाले आ रहे हैं. ते आले की भाडी वाढणार, ते आपली माणसं बसवणार. मी भोपाळहून आलेली, पण तात्यापाऱ्याचीच पोट्टी, त्यामुळे माझ्यासमोर हे बोलावं की नाही, अशी सगळ्यांना पंचाईत. नळावर मी गेले की बायका मधेच विषय बदलायच्या. ते खरंच होत होतं की मला तसं वाटत होतं, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

पहिल्यांदा मला काय झालं ते मात्र नीट आठवतं. आई चिवड्याला फोडणी देत होती. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची. मला प्रत्येक वास वेगळा ओळखू आला, पण तोंडाला पाणी सुटलं नाही, भूक लागली नाही, बरं वाटलं नाही. मी म्हटलं, सर्दी झाली असेल. पण सर्दीत वास येत नाही, मला तर सगळे येत होते. मग जाईची फुलं तशीच झाली. मग सकाळचा चहा. आईच्या लुगड्यात मी डोकं खुपसून बघितलं, तेही तसंच. आई म्हणाली, "काय व, लहान झाली काय?"

मग रात्रीची झोप गेली. शेजारी उदबत्ती लागली की मला वाटायचं, आपल्या घरातला कुठला तरी वास झाकायला लावली आहे. पाण्याचा माठ मी दोनदा बदलायला लावला. आई विचारायची, "काहून व, बरोबर जेवत नाही? जवाईची आठवण येऊन राहिली काय?" मी हो म्हणायची. ते सोपं उत्तर होतं आणि खोटंही नव्हतं. मला वाटत होतं, हे आले की सगळं जागेवर येईल.

हे हिवाळ्यात आले. बाबा स्टेशनवर घ्यायला गेले होते. रिक्षातून ट्रंक उतरली, होल्डॉल उतरला, मागून हे उतरले. तेच चष्म्याचं भिंग, तोच डाव्या भुवईवरचा कट. अंगात मी विणलेला खाकी स्वेटर. आत आल्यावर यांनी स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि मी तो नाकाशी नेला. लवंग होती. शाई होती. गाडीचा धूर होता. मानेचा तो वासही होता. सगळं होतं आणि माझ्या आत काहीच झालं नाही. दुकानातला नवा स्वेटर हुंगावा तसं.

मी त्या माणसाकडे बघितलं. तो हसला. म्हणाला, "काय झालं, फार घाण वास येतोय का? रात्रभराचा प्रवास आहे."

नंतर डॉक्टरांनी मला बरंच समजावलं, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते इतकं स्वच्छ आणि इतकं बरोबर वाटलं की तसं बरोबर वाटणं पुन्हा कधी आलं नाही. एकही खूण चुकलेली नव्हती. म्हणजे कुणीतरी फार विचार करून एकेक खूण लावून हा माणूस पाठवला होता. राज्य वाटलं, फाइली वाटल्या, खुर्च्या वाटल्या, माणसं वाटली. त्या वाटणीत माझा माणूस तिकडे राहिला आणि हा माझ्या वाट्याला आला.

मी आरडाओरडा केला नाही. संशयी माणूस ओरडत नाही, तो बघत राहतो. मी त्याला चहा दिला आणि तो कप कसा धरतो ते बघितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "जांभळाखाली बसायची ती मांजर कशी आहे?"

"तिला पिल्लं झाली ना. तुला फोनवर सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. म्हणजे फोनवरचं बोलणंही याला माहीत होतं. मी रोज काही ना काही विचारू लागले. लग्नात माझ्या मामाशी कुणाचं भांडण झालं, पहिल्या दिवाळीला काय करपलं होतं. तो सगळं बरोबर सांगायचा आणि प्रत्येक बरोबर उत्तराने माझी खात्री वाढायची, कारण यांना तर मेलं काहीच आठवत नसायचं. वाढदिवस विसरणारा माणूस करपलेल्या अनरशांसकट सगळं सांगतो?

त्यालाही कळायला लागलं असावं. एकदा त्याने हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "वास वेगळा येतो."

मी हे बोलायला नको होतं. त्याने वास सुधारायला घेतला. आधीचं खोबरेल आणलं, साबण भोपाळचा शोधून आणला, खिशात लवंगा भरून ठेवल्या, स्वेटर तर धुवायलाच देईना. मला दिसत होतं की हा माणूस दिवसेंदिवस माझ्या नवऱ्याची जास्त हुबेहूब नक्कल करतो आहे. मला त्याची भीती वाटायला लागली ती तेव्हापासून.

एक दिवस दुपारी मी चौकातल्या पीसीओवर गेले आणि यांच्या भोपाळच्या ऑफिसात फोन लावला. नाव सांगून म्हटलं, "हैं क्या?"

तिकडचा माणूस म्हणाला, "वो तो रायपुर चले गए."

"पक्का गए?"

तो हसला. "अरे भाभीजी, आप ही के पास तो भेजा है!"

मी फोन ठेवला. भेजा है, असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता.

आता मी त्याला 'अहो' म्हणू शकत नव्हते. ज्या तोंडाने यांना अहो म्हटलं त्याच तोंडाने दुसऱ्याला कसं म्हणायचं? 'तुम्ही' म्हणून भागवत होते. पण एका रविवारी काकू-काका जेवायला आले, पंगत बसली, मी वाढत होते. त्याच्या ताटातली पोळी संपलेली दिसली आणि रायपुरात कोणत्याही अनोळखी माणसाला जे म्हणतात तेच अगदी सहज तोंडातून निघालं.

"भैया, और रोटी लाऊँ?"

काकूंचा घास हातातच राहिला. बाबांनी मान वर केली नाही. तो माणूस एक क्षण हसला, गंमत समजून. मग माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. म्हणाला, "नको. पुरे."

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "का बोलली तू? डोकं फिरलं काय?"

मी म्हटलं, "आई, हे ते नव्हेत. वास घेऊन बघ."

इथे एक गोष्ट घडली, ती मी कुणाला सांगितली की विश्वास बसत नाही. माझा संशय आईला लागला. तिचा वेगळा होता. पोट्टीला नवऱ्याच्या अंगाला वेगळा वास येतो, याचा अर्थ तिच्या दृष्टीने एकच होऊ शकत होता. एवढे महिने माणूस भोपाळला एकटा राहिला होता. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, आई मागच्या अंगणात दोरीवरून त्याचा शर्ट काढून कॉलर हुंगत होती. पुढे तर धुवायचे कपडे ती आधी स्वतः घ्यायची. बाबांनी पण संध्याकाळी ओसरीत बसून जरा पोलिसी आवाजात विचारलं, "जवाईबुवा, तिकडं जेवनाखावनाचं कसं काय करत होते तुमी?"

तो म्हणाला, "डबा लावला होता, बाबा."

"कोनाचा?"

"एका बाईंचा. म्हाताऱ्या आहेत."

"म्हातारी किती?"

तो उठून आत गेला. जाताना स्वयंपाकघरात आईच्या हातात त्याला आपला शर्ट दिसला. मी दारामागे होते. तो आईला म्हणाला, "आई, तुम्ही पण?" एवढंच. आईने शर्ट बादलीत टाकला आणि उगाच नळ सोडला.

घरात आम्ही चौघं होतो आणि कुणीच कुणाचा वास मोकळेपणाने घेत नव्हतं. आई नाक वर करून त्याच्या बाजूने जायची. बाबा त्याच्या बोलण्यातली भोकं शोधायचे. आणि तो, मला आता वाटतं, माझ्याकडे बघून विचार करत असेल की लग्न करून आणलेली ती हीच का. त्याने असं कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

होळीनंतर मी ठरवलं की खऱ्या माणसाला शोधायला भोपाळला जायचं. सकाळचं काम आटोपलं, पिशवीत दोन साड्या टाकल्या, आईला गोल बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि स्टेशनवर जाऊन फलाटावर बसले. गाडी दुपारनंतर होती, ते मला माहीत होतं. घरात थांबवत नव्हतं इतकंच.

थोड्या वेळाने तो आला, दोन साड्या कमी दिसल्यावर आईने त्याला ऑफिसात निरोप धाडला होता म्हणून. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्याने मला हात लावला नाही, घरी चल म्हटलं नाही. एक मालगाडी गेली. मग तो म्हणाला,

"कुणाला शोधायला निघालात?"

निघालात. मला अहोजाहो. मी चमकून बघितलं.

मी म्हटलं, "माझ्या मिस्टरांना."

"भोपाळमध्ये आहेत?"

"तिथेच राहिले असतील."

तो विचार करत होता. चष्मा काढून त्याने स्वेटरला पुसला. त्या उन्हातही तो स्वेटर होता अंगात. "मी त्यांना ओळखतो," म्हणाला. "चांगलं ओळखतो. शोधायला मी मदत करीन. पण आधी एक करू. वास बदलला ते तुमच्या कशावरून लक्षात आलं, ते एका डॉक्टर बाईंना सांगू. त्यांना विचारू, असं होतं का म्हणून. नाही म्हणाल्या तर मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवून देईन."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो मीच तुझा नवरा असं म्हणत नव्हता. आणि म्हणूनच पहिल्यांदा मला तो खोटा वाटला नाही. कोण आहे ते ठाऊक नव्हतं, पण खोटा नव्हता. मी पिशवी उचलली.

त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या बहिणीला अशाच काही त्रासाने एका सरकारी दवाखान्यात नेत असत, तिथलं त्याने आधीच विचारून ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही "ऐसा कैसे हो सकता है" म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "आपकी नाक देखते हैं."

त्यांनी कुणाला तरी पाठवून कँटीनमधून कॉफीची पूड आणि लवंग मागवली. टेबलावर साबणाची वडी होतीच. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं. माझे डोळे मिटायला लावून एकेक नाकाशी धरलं. मी धडाधड ओळखलं. कापसाचं पाकीट त्यांनी माझ्यासमोर फोडलं नव्हतं, हेही मी मनात नोंदवून ठेवलं.

"अब बताइए, लौंग कैसी लगी?"

"लौंग है."

"हाँ, पर कैसी लगी? अच्छी, बुरी? कुछ याद आया?"

मी डोळे उघडले. मी त्या माणसाकडे बघितलं, जणू उत्तर त्याच्याकडे असेल. त्याचे डोळे भरलेले होते.

"और स्पिरिट?"

"स्पिरिट है."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याशीच बोलल्या, त्याच्याशी नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या की नाक वासाचं नाव सांगतं, पण वासाबरोबर आत जे काही हलतं, बरं वाटणं, शिसारी येणं, आपलं वाटणं, ते दुसरीकडे होतं. माझं नाक काम करतंय, ते आतलं गप्प झालंय. "जब अपने आदमी की गंध आए और अपनापन न उठे, तो दिमाग क्या करे? वो कहानी बना लेता है, कि आदमी ही दूसरा है." त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. तो माणूस ते नाव ऐकून खाली बघायला लागला. मला त्या नावाचं काही वाटलं नाही. कशाचंच वाटत नव्हतं.

त्यांचं बोलणं मला पटलं नव्हतं. मी फक्त एवढं म्हटलं, "गोळी घेईन. पण आधी या भैयांनी घ्यायची."

घरी आल्यावर त्याने खरंच माझ्यासमोर एक गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून झोपला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला झाडलं: भोपालवाले यहाँ सोने आए हैं क्या. डॉक्टरही त्याच्यावर भडकल्या, पुन्हा असं करायचं नाही म्हणून बजावलं. पण त्याला काही झालं नाही हे बघून मी गोळ्या सुरू केल्या होत्या.

आईच्या घरातल्या हवेत मी बरी होणार नाही, हे त्याने ओळखलं. बूढ़ापाऱ्यात तलावाकडच्या गल्लीत त्याने दोन खोल्या घेतल्या. मी अट घातली: मी आतल्या खोलीत, तो बाहेरच्या. तो हो म्हणाला. आम्ही तिथे कसे राहिलो ते गल्लीत कुणाला कळलं नसेल. तो आतल्या खोलीत यायच्या आधी दारावर टकटक करायचा, "येऊ का?" विचारायचा. मला तुम्हीच म्हणायचा. मी स्वयंपाक करायची, ताट वाढून त्याच्या खोलीत ठेवायची. तो जेवून ताट स्वतः घासायचा. मी भैया म्हणायची आणि तो ओ द्यायचा. घरमालकीण एकदा मला म्हणाली, "तुम्हारा देवर बड़ा अच्छा है." मी मान हलवून म्हटलं, "हव."

आई येऊन बघून जायची आणि पदराने डोळे पुसायची. "असं कोन राहाते व?" तिचा तो दुसरा संशयही गेला नव्हता. एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "इतकं ऐकून घेते, म्हंजे कायचं तरी पाप असन मनात." मला तेव्हा पहिल्यांदा त्याची बाजू घ्यावीशी वाटली. मी म्हटलं, "नाही बा. माणूस चांगला आहे." कोण माणूस, ते दोघींनीही विचारलं नाही.

गोळ्यांनी झोप आली, अंग जड झालं, वजन वाढलं. संशय एकदम गेला नाही. तो आधी चोवीस तास असायचा, मग कामात असताना विसरायला व्हायचा, मग संध्याकाळी तेवढा यायचा. मी त्याची परीक्षा घेणं बंद केलं, कंटाळून. पण फोडणीचा वास तसाच होता, सपाट. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ते उशिरा येतं, काहींना पुरतं येतच नाही. हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून मी त्यांच्यावर थोडा विश्वास ठेवला.

पुढचा उन्हाळा. तलावाचं पाणी आटलं होतं. संध्याकाळी तो मला फिरायला नेत असे, चार हात अंतर ठेवून. तलावाच्या कडेला एका ठिकाणी नाला येऊन मिळायचा. त्या दिवशी तिथे कुणीतरी सडकी भाजी आणि मेलेले मासे टाकले होते. आम्ही रोजच्यासारखे जात होतो आणि एकदम तो वास मला सोसेना. मी पदर नाकाला लावला, तरी तो वास घशात उतरला. डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, किती घाण वास येऊन राहिला! चला ना लवकर!"

मी दहा पावलं पुढे गेले, तरी मागून कुणी येईना म्हणून वळून बघितलं. तो त्या नाल्याशीच उभा होता, नाक न दाबता. चेहरा असा की कुणाला वाटावं, तिथे जत्रा भरली आहे.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "घाण आहे खरी. फारच घाण आहे."

मी काय बोलले होते ते मला तेव्हा कळलं. डॉक्टरांची ताकीद होती की पुरावे मागायचे नाहीत आणि आनंदाचा गवगवा करायचा नाही. आम्ही घरी आलो. त्याने बाहेरच्या खोलीत पंखा लावला, मी भात टाकला.

त्यानंतर शिसारी आधी परत आली, मग राग. रॉकेलचा वास आला की चिडायची, घरमालकिणीच्या सुक्या मासळीवरून एकदा भांडले सुद्धा. चांगलं वाटणं फार मागे राहिलं. ते आलं तेही फुलांना नाही, आईच्या लुगड्याला नाही. पावसाळ्यात बाजारातून आणलेल्या ताज्या बोड्याला आलं. बोडा म्हणजे सालवनात जमिनीतून निघणारी छोटी गोल अळिंबी, इकडे फार महाग विकतात. तिची माती धुताना एकदम हात थांबले आणि मला भूक लागली. मी तशीच ओल्या हातांनी बाहेरच्या खोलीत गेले. दारावर टकटक करायचं विसरले. हे पेपर वाचत होते.

हे. त्या दिवसापासूनचं सांगताना माझ्या तोंडी पुन्हा 'हे' येतं. पण त्यांच्या मानेचा तो वास, भोपाळचा, आत काही सैल करणारा, तो पूर्वीसारखा कधीच परत आला नाही. वास आहे. लवंग अजून आहे. मी तो घेते आणि मला माहीत असतं की हे तेच आहेत. जे इतर बायकांना नुसतं वाटतं, ते मला माहीत करून घ्यावं लागतं. यांना हे सांगितलेलं आहे. म्हणाले, "माहीत आहे ना? झालं तर मग."

आई जाईपर्यंत यांच्याशी जरा अवघडूनच वागत राहिली. बाबांनी मात्र एकदा ओसरीत बसून त्यांना म्हटलं, "जवाईबुवा, आमचं चुकलंच." हे म्हणाले, "कशाचं, बाबा?" आणि विषय राहिला.

आता यांचं ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेलं, तिथून हे रिटायरही झाले. मी अजून त्याच दवाखान्यात जाते. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी बाकावर बसलेल्या एका बाईला माझी हकीकत सांगितली आणि मला तिच्याकडे पाठवलं. "ज़रा इनसे बात कर लीजिए," म्हणाले. बाई भिलाईच्या, आपल्याच मराठी. शेजारी कॉलेजातली मुलगी, पाठ फिरवून बसलेली. मुलगी म्हणत होती की ही माझी आई नव्हे, हिच्या हाताला माझ्या आईचा वास नाही.

बाई मला म्हणाली, "मी तिले जन्माचा दाखला दाखवला, लहानपनीचे फोटो दाखवले. तरी आयकत नाही."

"दाखवू नका," मी म्हटलं. "जितकं दाखवाल तितकं तिला खोटं वाटेल. आणि साबण, तेल काही बदलू नका, मुद्दाम जुनं पण आणू नका. तिच्या आईबद्दल विचारा. कशी होती ते तिच्याकडून ऐका."

बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी खरंच बऱ्या झाल्या?"

"औषध चालू आहे."

"मंग बऱ्या कशा?" ती म्हणाली आणि आपली पर्स जवळ ओढून घेतली. मला राग आला नाही. तिच्या जागी मीही पर्स ओढली असती.

समोर गोळ्यांच्या खिडकीशी हे रांगेत उभे होते, पाठमोरे. बाईने त्यांच्याकडे बघून विचारलं, "तेच का?"

मी म्हटलं, "हो."

ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून मुलीकडे वळली. तोंडात काहीतरी घोळवलं, बहुतेक मुलीचं नाव असावं, ते गिळलं, आणि जरा अडखळत म्हणाली, "ताई, पानी पाह्यजे काय तुमाले?"

मुलीने बाटली घेतली. झाकण उघडून वास घेतला. पाणी प्यायली नाही, झाकण परत लावलं. पण बाटली परत दिली नाही, मांडीवरच धरून बसली.